रिकाम्या घरातला दिवा

बार्शीत मल्लिनाथशेठ नावाचे एक डाळीचे व्यापारी राहत. गिरणी जोरात, नाव मोठं, घर माणसांनी भरलेलं. पण विजेच्या बाबतीत शेठ भारी काटेकोर. कुणी खोलीतून बाहेर पडलं, की हे मागोमाग जाऊन बटण बंद करायचे. नातवंडांना अभ्यासाला एकच दिवा, त्याखाली सगळ्यांनी गोल करून बसायचं.

अशा शेठना एकाएकी युरोपचं नागरिकत्व हवंसं झालं. कारण साधं होतं. ते त्यांच्या व्याह्यांना मिळालं होतं. व्याही लग्नाच्या पंगतीतसुद्धा खिशातून परदेशी पासपोर्ट काढत, जरा चाळत आणि पुन्हा ठेवून देत. ते बघून शेठच्या घशाखाली जिलबी उतरेना.

शेठनी पुण्यातल्या सबनीसांना गाठलं. श्रीमंतांना परदेशी परवाने मिळवून देणं हाच सबनीसांचा धंदा. त्यांनी नियम समजावला. युरोपातल्या एका लहानशा देशात घर विकत घेतलं, की राहण्याचा परवाना मिळतो. मग काही वर्षं तिथं खरोखर राहायचं. शेवटी सरकारी अधिकारी गावात येऊन शेजाऱ्यांना विचारतो. ते ‘होय, हा इथलाच’ म्हणाले, की नागरिकत्व.

“पैशाचं काय न्हाई ओ,” शेठ म्हणाले. “पण मी तिथं जाऊन बसलो तर हितं गिरणी कोण बघणार?”

सबनीस हसले. “तुम्ही कशाला राहताय? घरात दिवा चालू ठेवू. विजेचं बिल येत राहिलं, की कागदोपत्री माणूस राहिला.”

शेठना हे पटलं. समुद्राकाठच्या टेकडीवर, ऑलिव्हच्या झाडांत एक पांढरं घर घेतलं. सही करायला ते एकदाच जाऊन आले. निघताना त्यांनी दिवा लावला आणि दार ओढून घेतलं. जळता दिवा मागे ठेवून घराबाहेर पडण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. विमानात त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

त्या गावची एक रीत मात्र सबनीसांना ठाऊक नव्हती. गाव कष्टकऱ्यांचं, लवकर निजणारं. रात्रभर दिवा जळायचा तो फक्त आजाऱ्याच्या घरात. तसा दिवा दिसला, की शेजारी संध्याकाळी त्या दाराशी गरम सूपचा वाडगा ठेवून जात. आजाऱ्याला उठायचा त्रास नको म्हणून दार मात्र वाजवत नसत.

शेजारी फिलोमेनाबाई नावाची एक म्हातारी राहायची. तिनं दिवा पाहिला आणि तिचा जीव कळवळला. बिचारा इतक्या लांबून आला आणि आल्या आल्या आजारी पडला, असं म्हणत ती वाडगा ठेवून आली. सकाळी वाडगा चाटूनपुसून स्वच्छ. बाईला फार समाधान वाटलं. गावातली मांजरं तिच्याहून समाधानी होती. सबनीसांचा माणूस अधूनमधून बॅग घेऊन घर बघायला यायचा, त्याला गावानं डॉक्टर ठरवून टाकलं. अशी वर्षं गेली. थंडी असो, वारा असो, बाईचा वाडगा कधी चुकला नाही.

मग तपासणीचा दिवस आला. शेठ सबनीसांना घेऊन पोहोचले तर पायरीवर चारपाच गुबगुबीत मांजरं लोळत होती. दार उघडून ते आत शिरले. त्यांच्यामागून अधिकारी आला आणि अधिकाऱ्यामागून अर्धं गाव. शेठना आपल्या पायांवर उभं बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिलोमेनाबाईनं त्यांच्या गालांवरून हात फिरवला आणि स्वतःचे डोळे पुसले.

“काय म्हणतीय ओ ही?” शेठनी विचारलं.

सबनीसांना तिथली भाषा येत होती. सगळं ऐकून ते खूश झाले. “नशीब काढलंत, शेठ. यांना वाटतंय, तुम्ही इतकी वर्षं इथंच अंथरुणाला खिळून होता. ही बाई रोज तुम्हाला सूप ठेवत होती. तुम्ही इथलेच, असं ती साहेबाला छातीठोक सांगतेय. तुम्ही फक्त मान हलवा.”

व्याह्यांचा चेहरा शेठच्या डोळ्यांपुढे आला. ते मान हलवणार, एवढ्यात बाईनं हळूच काहीतरी विचारलं.

“सूपमध्ये मीठ कमी पडायचं का, असं विचारतेय,” सबनीस म्हणाले.

शेठची मान तिथंच थांबली. त्यांना मनापासून लाज वाटली. घरी आपण क्षणभर दिवा वाया जाऊ देत नाही, आणि या बाईची एवढ्या वर्षांची माया आपण वाया घालवली.

“सबनीससाहेब, खरं काय ते सांगून टाका त्यांना.”

“शेठ, हातातोंडाशी आलेलं जाईल.”

“जाऊ द्या.”

“मी नाही सांगणार,” सबनीस म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

शेठना तिथली भाषा येत नव्हती. पण दिवा बंद करायला भाषा लागत नाही. एव्हाना बाहेर अंधारून आलं होतं. त्यांनी बटण दाबलं, खोलीत अंधार झाला. पुन्हा दाबलं, उजेड आला. त्यांनी दिव्याकडे बोट केलं, मग जमिनीकडे. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून ते बोट लांब आभाळाकडे नेलं आणि ‘मी इथं नव्हतो’ अशी मान हलवली. शेवटी पायरीवरचं सगळ्यांत जाड मांजर उचलून आणलं, त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि बाईसमोर धरलं.

अधिकाऱ्यानं शेठचा अर्ज तिथल्या तिथं रद्द केला. फिलोमेनाबाई रागानं लालबुंद होऊन निघून गेली. शेठ खाली मान घालून उभे राहिले.

थोड्या वेळानं बाई परत आली. हातात वाफाळता वाडगा होता. तो तिनं शेठपुढे ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसली.

“खा म्हणतेय,” सबनीस पुटपुटले. “आज तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.”

शेठनी खाल्लं. सूप मसुराचं होतं. वाडगा संपवून ते म्हणाले, “मीठ बरोबर हाय. पण मसूर जुना हाय, बाई. पुढच्या खेपेला मी आणतो.” हे मात्र सबनीसांनी सांगितलं, आणि सगळ्यांत आधी बाईच हसली.

गिरणी मुलावर सोपवून शेठ खरोखरच परत आले. सोबत बायको आणि मसुराचं पोतं. आता ते वर्षातला बराच काळ तिथं राहतात. नागरिकत्व अजून मिळालेलं नाही. व्याही फोनवर मुद्दाम विचारतात. शेठ म्हणतात, “मिळंल की. सध्या राहतोय.” जेवणं झाली, की ते सवयीनं घरभर फिरून एकेक दिवा बंद करतात. शेवटचा दिवा विझला, की पलीकडे फिलोमेनाबाई म्हणते, शेठ बरा आहे, आणि निवांत झोपते.

तात्पर्य: परक्या गावात घर पैशानं घेता येतं, पण त्या गावचं व्हायचं तर स्वतः तिथं राहावं लागतं, आणि जी माणसं आपली काळजी करतात, त्यांच्या भोळेपणावर आपला फायदा करून घेऊ नये.