शंभर वॅटचा दादू

एका गावात एक भोळा माणूस राहतो. त्याला शोधायला लांब जायला नको. तो मीच, दादू खोत.

एकदा स्वयंपाकघरातला बल्ब गेला. बायको, चंद्रकला, म्हणाली, "जुना होता तस्साच आणा."

मी नेमाण्णाच्या दुकानात गेलो.

"किती वॅटचा देऊ?"

"जुन्यासारखाच."

"जुना उजेड किती द्यायचा?"

मी खरं ते सांगितलं. "सकाळपासून काहीच देत नाही."

नेमाण्णानं झिरोचा दिला. मी लावला. त्या उजेडात चंद्रकलानं चहात साखर म्हणून मीठ घातलं. तो चहा मला संपवावा लागला.

"अहो, बल्बवर आकडा लिहिलेला असतो," ती म्हणाली. "तो वाचायचा."

"बरं."

पुढच्या महिन्यात बाहेरच्या सोप्यातला बल्ब गेला. मी चष्मा पुसून आकडा वाचला. दुकानात जाऊन म्हणालो, "दोनशे चाळीसचा द्या."

"एवढा मोठा? लग्न आहे का घरात?"

"आकडा वाचून आलोय."

"दोनशेचाच आहे."

"चालेल. चाळीस कमी तर कमी."

बल्बावर प्लास्टिकची टोपी होती. मेहुणा नेमका त्याखाली बसला होता. टोपी आधी वाकली, मग लोंबली आणि मग मेहुण्याच्या पोह्यांत पडली.

"अहो, तो व्होल्टचा आकडा!" चंद्रकला ओरडली. "वॅटचा शेजारी होता. आता असले तापणारे बल्ब मला घरात नकोत. सगळे काढा आणि एलईडी लावा. नऊ वॅटचा घेतला तरी साठचा उजेड देतो, आणि तापत नाही फारसा."

"सगळे?"

"सगळे म्हणजे सगळे!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेली. मी घरातले सगळे बल्ब बदलले. मग मागच्या शेडात गेलो. तिथं चंद्रकलाची कोंबडीची पन्नास पिल्लं होती, दोन दिवसांची. पत्र्याच्या रिंगणात ठेवलेली, वर शंभरचा बल्ब. हात लावून बघितला. भलताच तापलेला! बरं झालं आलो, असं म्हणून तोही बदलला आणि जुने सगळे बल्ब उकिरड्यावर फोडून टाकले.

तासाभरात पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून चिवचिवायला लागली. (पिल्लं वाचली. हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्हाला मोकळं हसता यायचं नाही.)

शेजारचे शिंगटे गुरुजी आवाज ऐकून आले. "दादू, यांना उजेड नको रे, ऊब हवी. शंभरचा बल्ब लाव."

मी पळत दुकानात गेलो. नेमाण्णा लग्नाला गेलेला, दुकानाला कुलूप. परत येऊन गुरुजींना सांगितलं.

"मग तोवर त्यांच्याजवळ बस," गुरुजी जाता जाता म्हणाले. "माणसाचं अंगही शंभर वॅटच्या बल्बाइतकी ऊब देतं."

शंभर वॅट! मी स्वतःकडे नव्यानं बघितलं. इतकी वर्षं घरात होतो आणि कुणी सांगितलं नव्हतं.

पण बसून कसं चालेल? चंद्रकलानंच बजावलं होतं, बल्ब पिल्लांच्या दीड हात वर टांगायचा. मी जुन्या धोतराची झोळी करून वाशाला बांधली. सदरा काढला आणि झोळीत पालथा पडलो. खाली पन्नास पिल्लं माना वर करून माझ्याकडे बघत होती. ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदाच आपण योग्य वॅटचे आहोत असं वाटलं.

तेवढ्यात चंद्रकला आली. पिशवी तिच्या हातातून गळून पडली.

"अहो! वर काय करताय?"

"बल्ब आहे मी. शंभरचा."

तिनं डोळे मिटले. मग कोपऱ्यातली पिल्लं बघितली आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. रडवेल्या आवाजात म्हणाली, "उतरा आधी. पिल्लांवर पोतं टाका आणि जवळ बसून राहा. मी चुलीवर पाणी तापवून बाटल्या भरून आणते. हलू नका हं!"

मी उतरलो. पोतं टाकलं, आत दोन्ही हात घातले. पिल्लं माझ्या तळहातांवर येऊन बसली. हळूहळू चिवचिव कमी झाली. चला, जमलं म्हणायचं.

इतक्यात गल्लीतून आरडाओरडा झाला, "लाईट गेली!"

मी लगेच हात बाहेर काढले, सदरा घातला आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो.

चंद्रकला गरम बाटल्या घेऊन धावत आली. "अहो, पिल्लं सोडून इथं काय बसलात?"

मी म्हणालो, "लाईट गेलीय ना!"