भरताचं डोकं

“…आणि आत काय भरता?” शरयूने बाहुलीचं डोकं हातात धरून विचारलं.

“भितर पांगारोच,” धाकूआबा म्हणाले.

तिसऱ्यांदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा तेच उत्तर.

तिला पटलं नाही.

धाकूआबा ठाकर कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करायचे. वय पंचाहत्तर. दोन-दोन तास दोऱ्या धरून उभे राहत, तरी हात थकत नसे. शरयू कोल्हापूरहून शिकायला आली होती. शिल्पकलेची पदविका, मुखवट्यांना मिळालेलं बक्षीस. तिला हलकी डोकी बनवायची होती, आणि आबा डोक्यात काय भरतात ते लपवतात याची तिला पहिल्या आठवड्यातच खात्री झाली होती.

आबा पांगाऱ्याच्या लाकडाचे पाच तुकडे घेत. वाजवून बघत, तळहातावर तोलत, चार बाजूला टाकत. टाकलेले चार ती गुपचूप उचलून खोलीवर नेई. तिला काहीच फरक दिसत नसे. हे सगळं आपल्याला दाखवायला चाललंय, असं तिला वाटे. खरं काम आपण गेल्यावर होत असणार.

मग तिने स्वतःचंच सुरू केलं. वाळलेल्या दुध्या भोपळ्याचं डोकं केलं. नाक बसवताना तडकलं. भेंडाच्या मऊ गाभ्याचं केलं, दोरीचा आकडा अडकवताच भुगा झाला. शेवटी कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ. ते जमलं. वाण्याच्या तराजूत घातलं तर आबांच्या डोक्याच्या निम्मंही भरेना.

तिने ते आबांच्या हातात दिलं.

आबांनी तोललं. परत दिलं.

जळतात, तिला वाटलं.

देवळात खेळ होता त्या दुपारी आबा जागा बघायला गेले. बाहुल्यांचा पेटारा उघडाच होता. वर रामायणातल्या भरताची बाहुली होती. तिचं डोकं आबांच्या वडिलांनी कोरलेलं, हे शरयूला माहीत होतं. म्हणूनच तिने ते निवडलं. गुपित असलं तर यातच असणार.

पटाशी लावली, एक ठोका दिला.

दोन फाकी झाल्या. आत पांगाराच होता. भरीव, कडेपासून कडेपर्यंत.

आबा दारात कधी आले, तिला कळलं नाही.

“गावला?” त्यांनी विचारलं.

“…नाही.”

आबांनी फाकी उचलल्या, धोतराच्या सोग्याने पुसल्या, कोनाड्यात ठेवल्या. मग म्हणाले, तिचं कागदाचं डोकं भरताला बसवायचं. आणि भरत आज तिनेच नाचवायचा.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. भरत आला. हात हलले, पाय हलले, डोकं तर नुसतं तरंगत होतं. शरयूला बरं वाटलं. आज सगळं गाव बघेल, तिने मनात म्हटलं.

मग पादुका आल्या. भरताने त्यांवर डोकं टेकवायचं होतं.

शरयूने मानेची दोरी सैल सोडली. लाकडी डोकं अशा वेळी आपल्याच वजनाने खाली यायचं. धड वाकलं. डोकं वाकलं नाही. समईचा धूर ज्या वाऱ्याने हलत होता त्याच वाऱ्यावर ते वरच्या वर डुलत राहिलं. तिने दोरी आणखी सोडली. दोरी लोंबली, डोकं वरच.

आबांनी ओवी पुन्हा म्हटली. पुन्हा एकदा म्हटली. मागे कुणीतरी हसलं.

तेव्हा आबांनी वाजवायचं हुडूक खाली ठेवलं. पडद्यावरून आपला हात पुढे काढला. त्या देवळात आजवर कुणाला त्यांचा हात दिसला नव्हता. सगळ्यांसमोर, एका बोटाने, त्यांनी भरताचं डोकं पादुकांवर दाबून धरलं. ओवी संपेपर्यंत धरून ठेवलं.

कुणी हसलं नाही.

सकाळी शरयू बोचकं बांधून अंगणात आली. काय बोलायचं ते तिने रस्ताभर जुळवलं होतं. फाकी सरसाने सांधता येतील, नवं डोकं ती स्वतः कोरून देईल, शिवाय आबांनी आधीच नीट सांगितलं असतं तर…

आबा ओट्यावर बसून लाकूड तासत होते. त्यांनी वर पाहिलं.

हळूहळू तिची मान खाली गेली, आणि खालीच राहिली.

आबांनी वाकस बाजूला ठेवला. मग म्हणाले,

“हां गो बाय. आता वजन बरोबर झाला.”