गाळलेली ओळ

"सर, हल्ली बी.एस्सी. कॉम्प्युटरला शिकवतात तरी काय?"

इंद्रजितने खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारलं.

शिकलगार सर पडवीत लसूण सोलत होते. निवृत्तीनंतर सुनेने त्यांच्याकडे सोपवलेलं हे एकमेव खातं. गडहिंग्लजच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा वर्ग सुरू झाला, तेव्हा गणिताचे म्हणून त्यांना तिकडे ढकललं होतं. तिथेच त्यांचे केस पांढरे झाले.

"तुला काय शिकवलं होतं?"

"आम्हाला सगळं नीट शिकवलंत, सर. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम. आत्ताच्या पोरांचा पायाच कच्चा."

"कुठल्या पोरांचा?"

"आमच्या रेवतीचाच घ्या."

सर लसूण सोलत राहिले. बोलणाऱ्याला आणखी बोलू द्यायची ही त्यांची जुनी खोड होती, आणि इंद्रजितला बोलायला आवडायचंच.

पुण्यातल्या एका कंपनीत तो दहा-बारा जणांचा प्रमुख होता. जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांसाठी त्यांनी प्रोग्राम केला होता. कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, ते कुणालाही फोनवर दिसावं. गेल्या आठवड्यात एका पेढीत हव्या त्या गटाची पिशवी दिसली म्हणून एका बाळंतिणीचा नवरा धावत तिथे गेला. पिशवी नव्हतीच. मुदत संपली म्हणून ती केव्हाच टाकून दिली होती, पण प्रोग्राम ती अजून दाखवत होता. नशीब, दुसरीकडे रक्त मिळालं आणि बाई वाचली. कंपनीत मात्र चौकशी लागली.

रेवती त्याच्या हाताखाली नवी, नुकतीच पदवी घेऊन आलेली. पिशवी शोधून देणारा भाग तिने त्याच सुमारास नव्याने लिहिला होता.

"घोळ तिचाच आहे," इंद्रजित म्हणाला. "सोमवारी तिला घरी पाठवायचं. शिफारस मलाच करायचीय. जरा वाईट वाटतं… पण काय करणार?"

"चूक सापडली?"

"अजून नाही. पण तिचीच असणार."

"असणार…"

सरांनी धोतराला नव्हे, जवळच्या फडक्याला हात पुसले; सुनेचा तसा दंडक होता.

"प्रोग्राम आणलायस?"

"आहे की बॅगेत, लॅपटॉपवर."

"काढ. आणि हात मागे घे."

इंद्रजितला हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं, की सर हसत नाहीयेत.

सरांच्या प्रॅक्टिकलची ती रीतच होती. चूक आली की पोरं काय करायची? इथली खूण बदल, तिथे एक मिळव, परत चालवून बघ. देवाला कौल लावल्यासारखं. त्यावर सरांचं एकच औषध. हात पाठीमागे घ्यायचे, म्हणजे कळफलकाला शिवता येत नाही. मग पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचं. मनात काय होतं ते सांगायचं नाही, लिहिलंय तेच वाचायचं. कळफलकावरच्या खालच्या बाणावर सरांचं बोट. ओळ वाचून झाल्याशिवाय ते खाली दाबलं जायचं नाही.

सगळं कॉलेज या पद्धतीला हसायचं. त्यात इंद्रजितचा आवाज सगळ्यांत मोठा.

आता चाळिशीला टेकलेला, कानाशी पिकलेला तो माणूस हात मागे घेऊन पडवीत बसला. सरांची सून चहा ठेवायला आली, ती ओठ दाबूनच आत गेली.

त्याने रेवतीच्या भागापासून सुरुवात केली. चूक तिथेच आहे, हे त्याला ठाऊक होतं ना!

एक ओळ. सरांचं बोट हललं. दुसरी ओळ. बोट हललं.

चहा निवला. रेवतीचा भाग संपला. चूक नव्हती. एका ठिकाणी तर त्याच्या तोंडून निघून गेलं, "हे… हे छान लिहिलंय की."

सरांनी निवलेला चहा एका घोटात संपवला.

"आता पुढचा भाग माझा, सर. वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतोय. घ्या पुढे."

बोट हललं नाही.

"अहो सर, सोपं आहे हे. मुदत संपलेल्या पिशव्या यादीतून काढायच्या, एवढंच. घ्या."

बोट बाणावर होतं. हललं नाही.

…

समोरच्या रस्त्याने एक टेम्पो गेला. इंद्रजितला राग आला. ज्या प्रोग्रामवर त्याला बढती मिळाली, तो त्याने बालवाडीतल्या पोरासारखा वाचून दाखवायचा?

"बरं. वाचतो." त्याने मुद्दाम एकेक शब्द सुटा केला. "रोज पहाटे… ज्या पिशवीची मुदत… आजच्या तारखेला संपते… ती यादीतून काढ."

बोट हललं. पुढची ओळ आली.

इंद्रजितने ती वाचली नाही.

"सर, मागे घ्या जरा."

सरांनी मागे घेतली.

"आजच्या तारखेला…" तो पुन्हा म्हणाला. आवाज खाली आला होता. "आजच्याच तारखेला. म्हणजे एखाद्या दिवशी प्रोग्राम बंदच राहिला, तर…"

आणि त्या घटनेच्या थोडं आधी प्रोग्राम एक दिवस बंद होता. मशीन हलवायचं म्हणून त्यानेच बंद ठेवायला सांगितलं होतं. त्या दिवशी मुदत संपलेल्या पिशव्या काढायला कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम जागा झाला आणि त्याने फक्त दुसऱ्या दिवसाच्या पिशव्या काढल्या. आदल्या दिवसाच्या तशाच राहिल्या. 'आजच्या किंवा त्याआधीच्या' असं लिहायला हवं होतं. पहिल्या वर्षाला शिकवतात ते.

हात अजून पाठीमागेच होते. ते सुटे करायला त्याला वेळ लागला.

मग त्याने तिथूनच फोन लावला.

"रेवती… चूक सापडली. माझी आहे. हो, माझ्या भागात. तुझा भाग आत्ताच पूर्ण वाचला, तो चोख आहे. सोमवारी सगळ्यांसमोर मीच सांगतो."

पलीकडून रेवतीने हळूच विचारलं,

"मग मी… सोमवारी येऊ ना, सर?"

"ये. अगं, येच."

फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. दोन दिवस उशीर झाला असता, तर एका निर्दोष पोरीच्या कपाळी त्याने आयुष्यभराचा डाग लावला असता, आणि वर तिच्या कॉलेजला नावं ठेवली असती. या म्हाताऱ्या माणसाचे उपकार कसे फेडायचे, त्याला कळेना.

"सर, तीन वर्षं मी तुम्हाला हसलो."

"हो. ऐकू यायचं."

"आज जे वाचलो, ते तुमच्यामुळे. तुम्ही शिकवलं होतंत, मीच विसरलो होतो."

सरांनी सुपातला लसूण परत पुढ्यात ओढला.

"एक सांगा, सर. ती ओळ चुकलीय, हे तुमच्या आधीच लक्षात आलं होतं ना? म्हणूनच बोट हललं नाही."

"छे रे. मला ती ओळ कळलीच नव्हती."

त्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली.

"कळली असती, तर मीही पुढे गेलो असतो."