बोलक्या खड्याचं अंग

एके काळी, तुमच्या-माझ्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या आधी, समुद्राकाठी एक राज्य होतं. त्या राज्याच्या डोंगरांत बोलके खडे सापडत. हे खडे नेहमी जुळे निघायचे. एका खड्याजवळ तोंड नेऊन बोललं, की त्याचा जोडीदार कितीही लांब असो, त्यातून तेच शब्द ऐकू यायचे.

खडा मोठा गुणी, पण फार नाजूक. गुळासारखा ठिसूळ, आणि पाणी लागलं की विरघळलाच म्हणून समजा. त्यामुळे प्रत्येक खड्याला बाहेरून एक कवच करावं लागे. त्याला लोक खड्याचं अंग म्हणत.

ही अंगं घडवण्याचा मान एका कारागिराकडे होता. बायको देवाघरी गेलेली, एकुलती एक लेक लग्न होऊन खाडीपलीकडच्या बेटावर नांदत होती. माणूस कामात चोख. फक्त एक खोड होती. कुणी 'वा!' म्हटलं की त्याला दोन घास जास्त जायचे. आता कौतुक कुणाला आवडत नाही? तुम्हाला आवडतं, मलाही आवडतं. पण याचं जरा जास्तच होतं.

त्या दरबारात एक रीत होती. राजा जी वस्तू प्रजेला भेट देणार, ती आधी लाल मखमलीच्या उशीवर मांडायची आणि सगळ्यांनी लांबून पाहायची. कारागिराशिवाय कुणी तिला हात लावायचा नाही. राजाच्या भेटीवर बोटाचा ठसा उमटला तर ती उष्टी झाली, असं तिथले लोक मानत. त्यामुळे राज्यातली प्रत्येक भेटवस्तू दिसायला देखणी असे. हातात कशी बसते, हे मात्र ती घरी नेल्यावरच कळे.

एके वर्षी बेटावरच्या लोकांनी राजाकडे खड्यांची एक जोडी मागितली. बेटावर सुईण नव्हती, ती राहायची खाडीच्या अलीकडे. बेटावर कुणा बाईला कळा सुरू झाल्या, की घरच्यांनी होडी काढायची, खाडी ओलांडायची, सुईणीला शोधायचं आणि घेऊन परत यायचं. एवढ्या वेळात कितीतरी पाळणे रिकामे राहिले होते. एक खडा बेटावर आणि एक सुईणीच्या घरी असला, तर निरोप मिळताच ती आपली होडी काढणार होती. राजाला ते पटलं. त्याने कारागिराला काम सांगितलं.

कारागिराच्या लेकीलाही तेव्हा दिवस गेले होते. तिने मासळीवाल्याबरोबर सांगावा धाडला, "बाबा, एक ध्यानात ठेवा. इथे दिवसभर मासळी कापायचं नि खारवायचं काम. आमचे हात कायम ओले, तेलकट. त्यात टिकेल असं काहीतरी करा."

बापाने ते मनावर घेतलं. कडू भोपळा वाळवून त्याने त्यात खडा बसवला, तोंड मेणाने बंद केलं, वरून काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली. वीणेचा भोपळा सूर धरतो, तसा हा आवाज धरत होता. हलका होता, हातातून सुटत नव्हता आणि पाण्यात पडला तर तरंगत होता.

पण दिसायला? दिसायला तो भोपळाच होता.

'दरबारात हे ठेवलं तर लोक हसतील,' कारागिराला वाटलं. म्हणून त्याने आणखी दोन अंगं केली. एक सोन्याचं, वेलबुट्टी कोरलेलं. दुसरं काचेचं, इतकं नितळ की आतला खडा पाण्यात पडलेल्या चांदणीसारखा चमकायचा.

दरबार भरला. मखमलीच्या उशीवर तिन्ही अंगं मांडली गेली. आधी आवाज तपासला. सोन्यातून तो असा येई, जणू कुणी तोंडात भात कोंबून बोलतंय. सोनं बाद झालं. काचेतून आवाज स्वच्छ आला. भोपळ्यातून त्याहूनही गोड आला, पण तिकडे लक्ष कुणाचं होतं?

"भाजी करायची आहे की बोलायचं आहे?" प्रधान म्हणाला, आणि सगळा दरबार खो खो हसला.

राजा मात्र हसला नाही. त्याने सरळ विचारलं, "कारागीर, घडवणारे तुम्ही. यातलं उत्तम कोणतं?"

कारागिराने भोपळ्याकडे पाहिलं. लेकीचे शब्द त्याला आठवत होते. मग त्याने दरबाराकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे काचेवर खिळले होते.

"काच, महाराज," तो म्हणाला.

"वा!" दरबार एका तोंडाने म्हणाला. सुईणीकडच्या खड्यालाही तसंच काचेचं अंग झालं. पण त्या दिवशी कारागिराला दोन घास जास्त गेले नाहीत. उलट ताटातलं अन्न तसंच राहिलं.

लेकीचे दिवस भरत आले, तसा तो तिला भेटायला निघाला. खाडीशी पोचला तेव्हा भर दुपारी वारा सुटला होता आणि लाटा उसळत होत्या. वारा पडेपर्यंत तो सुईणीच्या ओसरीवर टेकला. कोनाड्यात काचेचं अंग झळकत होतं.

"तुम्हीच केलंत ना?" सुईण म्हणाली. "फार सुरेख हो! पुसताना माझा जीव नुसता वरखाली होतो."

तेवढ्यात खड्यातून आवाज आला. शब्द नव्हेतच. आधी काहीतरी निसटल्यासारखं, मग खळ्ळकन, आणि मग काहीच नाही.

"पोराटोरांनी पाडलं असेल," सुईण म्हणाली.

कारागीर मात्र ताडकन उभा राहिला. "होडी काढा, बाई."

"या लाटांत? निरोप कुठे आलाय?"

"हाच निरोप आहे. कुणीतरी ओल्या हाताने ते उचललं. आणि ओल्या हातात ते राहत नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मला तेव्हाच ठाऊक होतं," कारागीर म्हणाला. "राजाने विचारलं तेव्हा ठाऊक होतं. तरी मी काच म्हणालो."

सुईणीने त्याच्याकडे एकवार पाहिलं. मग पदर खोचला आणि वल्ही उचलली. एक तिने घेतलं, एक त्याने. खाडीभर कारागीर देवाला एकच विनवत होता, की माझ्या चुकीची फेड माझ्या लेकराकडून घेऊ नकोस.

बेटावरचे पुरुष किनाऱ्यावरच जमले होते. जावई गुडघाभर पाण्यात उभा राहून होडी लोटायच्या खटपटीत होता, पण लाटा ती परत वाळूवर फेकत होत्या. सुईणीला पाहून त्याने आपली होडी सोडली आणि तिला हात देऊन उतरवून घेतलं. कळा त्याच्याच घरात सुरू झाल्या होत्या.

सुईण आत गेली. अंगणात काचेच्या तुकड्यांपाशी लेकीची सासू तोंडात पदर कोंबून रडत होती.

"व्याहीबुवा, माझ्या हातून निसटला हो! मासळी साफ करत होते. हाक ऐकली नि तशीच उठले. त्याला उघड्यावर ठेवायची भीती वाटायची, म्हणून फडक्यात बांधून ठेवला होता. फडकं सोडता सोडता गेला."

"तुमच्या हातून नाही, विहीणबाई," कारागीर म्हणाला. "तो दरबारातच माझ्या हातून निसटला होता."

मूल आडवं होतं. फार वेळ गेला. बाहेर बसलेल्यांना तो युगासारखा वाटला. शेवटी आतून बारीक रडणं ऐकू आलं, आणि कारागिराने जमिनीवर डोकं टेकलं. मुलगा झाला होता. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. सुईण घाम पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर माझा काही इलाज चालला नसता."

लेक डोळे मिटून पडली होती. बाप शेजारी बसला, तसे तिने डोळे उघडले.

"बाबा, फार सुंदर होतं ते. येणारा-जाणारा फडकं सोडायला लावून बघायचा." ती क्षणभर थांबली. "पण ते तुम्ही माझ्यासाठी केलं होतं, की दरबारासाठी?"

कारागिराला खोटं बोलवेना. "दरबारासाठी, पोरी," तो म्हणाला, आणि लेकीसमोर लहान मुलासारखा रडला. लेकीने त्याचा हात आपल्या हातात घेतला. तिचा राग कधीच गेला होता, त्याची शरम मात्र जाईना.

काही दिवसांनी तो दरबारात उभा राहिला. घडलं ते त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. मग उशीवर एक काचेचं अंग ठेवलं, एक भोपळ्याचं, आणि माशाच्या तेलाची वाटी पुढे केली.

"महाराज, हात या तेलात बुडवा, आणि मग दोन्ही उचलून पाहा."

प्रधानाने नाकाला रुमाल लावला. "रीत मोडते आहे!" कुणीतरी ओरडलं.

"त्या रीतीपायी आज माझा नातू गेला असता," कारागीर म्हणाला.

राजाने बाह्या सारल्या आणि दोन्ही हात तेलात बुडवले. काच उचलली, ती सुळकन निसटली आणि फरशीवर तिचा चुरा झाला. भोपळा उचलला, तो हातात राहिला.

"ठरलं तर!" राजा म्हणाला. "भोपळाच उत्तम. यापुढे राज्यातल्या सगळ्या खड्यांना भोपळ्याचंच अंग करा."

आता याला 'वा!' म्हणायला दरबार तयारच होता. पण कारागिराने हात जोडले.

"नको, महाराज. डोंगरावरच्या चौकीत उंदरांचा सुळसुळाट आहे, ते भोपळा कुरतडून टाकतील. तिथे कदाचित शिंगाचं चालेल. बर्फाच्या घाटात काय चालेल, ते मला आज सांगता येणार नाही. आधी तिथे जाऊन राहीन, त्या लोकांचे हात पाहीन, मग सांगेन."

राजाने उशीवरची मखमल स्वतःच्या हाताने ओढून काढली आणि तिला आपले तेलकट हात पुसले. त्या दिवसापासून त्या राज्यात कुठलीही भेट, ज्याला द्यायची त्याच्या हातात आधी काही दिवस ठेवून पाहिल्याशिवाय पसंत होत नसे.

बेटाला खड्यांची नवी जोडी मिळाली, भोपळ्याच्या अंगात बसवलेली. बेटावरचा भोपळा पुढे पुष्कळ वर्षं टिकला. त्याला मासळीचा वास लागला, दोरी काळी पडली. नातवाला दात येत होते तेव्हा त्याने त्याची एक बाजू चावून चावून खरबरीत केली. त्या भोपळ्याला पाहून कधीच कुणी 'वा!' म्हटलं नाही. पण कळा सुरू झाल्या की बाया त्याला मासळीच्या हातानेच उचलत, आणि पलीकडून सुईणीचा आवाज येई, "निघाले गो, निघाले!"

तात्पर्य : वस्तू कशाची घडवावी हे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना विचारू नये, वापरणाऱ्यांच्या हातांना विचारावं.