मध्ये कुणीच नव्हतं

माणसं संध्याकाळी देवळासमोर गाणं ऐकायला जमायची, तेव्हाची ही गोष्ट. हणमंता साउंडवाला एक माईक आणि एक स्पीकर टेम्पोतून गावोगाव न्यायचा. स्पीकर पुढे, लोकांकडे तोंड करून. माईक त्याच्या पाठीमागे, गाणाऱ्याच्या तोंडाशी. दोघांना एकमेकांसमोर तो कधीच ठेवत नसे.

एकदा गाता गाता सुंदराबाई पाणी प्यायला थांबल्या. तेवढ्यात स्पीकर हळूच म्हणाला, "अरे माईक, तू सगळ्यांचं ऐकतोस. माझं कधी ऐकलंस?"

"तुझ्याकडे वळायचं नाही, असं हणमंतानं बजावलंय."

"एकदाच वळ."

स्टँडवर माईकची मान सैलच होती. तो वळला.

स्पीकरमधून बारीक घरघर येत होती. माईकनं ती ऐकली आणि स्पीकरला दिली. स्पीकरनं ती मोठी करून माईकला परत दिली. कुणी गात नव्हतं, कुणी बोलत नव्हतं, तरी एक किंकाळी वाढतच गेली. कुत्री शेपूट घालून पळाली. "बंद कर रे बाबा ते!" सुंदराबाई ओरडल्या, पण स्वतःचा आवाज त्यांनाही ऐकू आला नाही.

हणमंतानं वायर उपटली, तोवर पटांगण रिकामं झालं होतं.

परतताना टेम्पोत माईक म्हणाला, "केवढ्यांदा किंचाळलास!"

"मी? मी तर तू दिलेलंच बोललो."

"आणि मी तुझंच ऐकत होतो."

मग किंचाळलं कोण, हे विचारायची हिंमत दोघांनाही झाली नाही. वायर केव्हाच निघाली होती. तरी अंधारात, दोघांच्या मधोमध, काहीतरी बारीक घरघरत होतं.