लाकडी गड्याचा चेला

“असा कुठला वार आहे का अक्का, की तो एकदा हातात बसला की माणूस मरतच नाही?”

अक्का तालमीच्या पायरीवर बसून ढालीला तेल लावत होत्या.

वज्रधरानं पुन्हा विचारलं. या खेपेला आवाज नको तेवढा मोठा निघाला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

“ऐकू आलंय मला,” अक्का म्हणाल्या. “किती दिवस झाले खेळतोस?”

“तीन महिने.”

“आणि मेलास किती वेळा?”

“एकदाही नाही.”

हे सांगताना मात्र त्याची मान जरा ताठ झाली. तसं कौतुक करण्यासारखंच होतं ते.

‘अठरा खिंडी’ नावाच्या त्या खेळात मरण स्वस्त नाही. इतर खेळांत माणूस मरतो, उठून पाणी पिऊन येतो आणि परत लढायला लागतो. इथे पहिल्या मरणाला कपाळावर एक काळा ठिपका उमटतो. दुसऱ्याला दुसरा. तिसऱ्याला ठिपका उमटत नाही, कारण कपाळच उरत नाही. वर्षानुवर्षं राबून उभा केलेला माणूस, त्याची शस्त्रं, त्याचं नाव, सगळं पुसलं जातं. ते नाव घेऊन पुन्हा कुणालाही खेळात येता येत नाही.

वज्रधराचं कपाळ कोरं होतं. अक्कांच्या कपाळावर दोन ठिपके होते.

वज्रधर हे अर्थात खेळातलं नाव. आईवडिलांनी ठेवलेलं नाव निनाद कुलथे. नाशिकला औषधांच्या दुकानात कामाला, गुरुवारी सुट्टी, आणि तो दिवस गुरुवारचाच होता. आणि अक्का म्हणजे गडहिंग्लजच्या इंदुमती चौगुले. साठी उलटलेली, घरची पिठाची गिरणी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या मागच्या खोलीत संगणक लावून बसत. अकरा वर्षं त्या हा खेळ खेळत होत्या. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. हेडफोनमधून आवाज ऐकू येई, तेवढीच ओळख. नवख्यांना अक्का शिकवतात आणि फार थोड्यांना शिकवतात, असं त्यानं ऐकलं होतं. म्हणून तो आला होता.

“तलवार किती?” अक्कांनी विचारलं.

“ब्याण्णव.”

तीन महिन्यांत तलवारीचं कौशल्य ब्याण्णववर नेणं म्हणजे काही खायचं काम नाही. तालमीत एक लाकडी गडी रोवलेला आहे. त्याला मारलं की कौशल्य कणाकणानं वाढतं. नवखे कंटाळतात आणि सोडून देतात. वज्रधर कंटाळला नाही. दुकानातून आल्यावर, जेवायच्या आधी, जेवल्यानंतर तो मारत राहिला. चाळीस हजार वार.

“आणि ढाल?”

वज्रधरानं तलवार या हातातून त्या हातात घेतली.

“ढाल किती, विचारतेय.”

“चार.”

अक्का हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“तलवार मारल्यानं वाढती,” त्या म्हणाल्या. “ढाल मार खाल्ल्यानं वाढती. तू खाल्लाच न्हाईस.”

“मला कुणी मारूच शकलं नाही, अक्का.”

“असं व्हय…” त्यांनी तेलाचा बोळा खाली ठेवला. “मग तुझ्या मागं कोण मेलं?”

खोलीत पंखा फिरत होता. निनादला त्याचा आवाज अचानक फार मोठा वाटायला लागला.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई. एकदाबी न मेलेला माणूस मरणाचं विचारत येतोय. त्याला सवताचं मरण कुठनं ठाऊक असणार?”

…

मग त्यानं सांगितलं. सगळं सलग सांगता आलं नाही, तुकड्या-तुकड्यानं सांगितलं.

मंगळवारची गोष्ट. लांडग्यांच्या खिंडीत तो पुढे होता आणि मागे त्याच्यासोबत खेळणारी मृदा होती. ती वैद्य. खेळात वैद्याच्या हातात शस्त्र नसतं. जखमा भरायच्या, बस्स. पुढे उभा असलेला तलवारवाला हीच तिची भिंत. लांडगा आला. वज्रधरानं एक घाव घातला, दुसरा घातला, तिसरा घातला, आणि…

“आणि?”

“हललो. एकच पाऊल मागे आणि बाजूला. लांडगा मला ओलांडून गेला.”

“ती ओरडली?”

“नाही. ‘निनाद?’ असं म्हणाली फक्त. बाहेरून आल्यावर घरात कुणी आहे का, असं विचारतात ना, तसं.”

तो तिचा दुसरा ठिपका. दोन वर्षं राबून उभी केलेली तिची वैद्य, आता एका मरणावर आलेली. मृदानं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट बुधवारी निरोप पाठवला, की शनिवारी परत खिंडीत जायचंय आणि पुढे तूच हो. तो निरोप वाचूनच तो अक्कांकडे आला होता.

“शनिवारी परत हललो तर तिचं नाव जाईल, अक्का. कायमचं. मला नुसती भीती वाटतेय. म्हणून म्हणतो, एक पक्का वार सांगा. तिसऱ्या घावातच लांडगा पडेल असा. मागे कुणी मरायची वेळच यायला नको.”

अक्का उठल्या. लाकडी गड्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“मार.”

त्याला हायसं वाटलं. मारणं त्याला येत होतं. एक, दोन, तीन. तिसऱ्या घावाला गड्याचा लाकडी हात गर्रकन फिरला. तोवर वज्रधर एक पाऊल मागे सरकलेला होता आणि हात नुसताच हवेतून गेला. हा गड्याचा जुना खोडसाळपणा. दर तिसऱ्या घावाला त्याचा हात फिरतो आणि बेसावध माणसाला लोळवतो. पहिल्याच आठवड्यात नवखे हे शिकतात, आणि एकमेकांना शिकवतात.

“परत.”

एक, दोन, तीन. मागे.

“परत.”

एक, दोन, तीन. मागे.

अक्कांनी कमरेची दोरी सोडली. गड्याचा हात खांबाला बांधला. तीन वेढे दिले, गाठ मारली, ओढून बघितली.

“आता मार.”

एक, दोन, तीन.

हात फिरला नाही. फिरणारच नव्हता, दोरीनं आवळलेला होता. वज्रधरानं पडद्यावर स्वतःच्या पायांकडे बघितलं.

तो एक पाऊल मागे उभा होता.

त्यानं पुन्हा मारून बघितलं. या वेळी ठरवून, दात आवळून. एक, दोन, तीन. पाऊल आपोआप गेलं. बटण कधी दाबलं हे त्याला कळलंच नाही.

“चाळीस हजार वार,” अक्का म्हणाल्या. “त्याला तिनानं भाग.”

“तेरा हजार… तेरा हजारांच्या वर.”

“तेवढ्या वेळा मागं सरायला शिकलास. मन लावून शिकलास. गुरू चांगला भेटला तुला.”

वज्रधराच्या मनात मात्र भलतीच आशा जागी झाली. तो घाईघाईनं म्हणाला, “म्हणजे मी घाबरलो म्हणून हललो नाही? नुसती सवय होती ती?”

“लांडग्याला काय फरक पडला?”

…

वेशीबाहेर माळ आहे. माळावर रानडुकरं येतात. नवखे तिकडे फिरकत नाहीत आणि जुन्यांना तिथे काही मिळत नाही, त्यामुळे माळ कायम ओसाड असतो. तिथला वाऱ्याचा आवाज निनादला कधीच आवडला नव्हता. अक्का पुढे चालत होत्या.

“तलवार ठेव खाली.”

“आणि लढू कशानं?”

“लढायचं कुणी सांगितलं? उभं राहायचंय. डुक्कर पाच धडका देतंय आणि दमून निघून जातंय. पुढचा हलला तर मागच्यावर जातंय.”

त्यानं तलवार ठेवली. ढाल धरली. मग त्याला कळलं की अक्का शेजारी नाहीत. त्यांनी आपली तलवार आणि ती तेल लावलेली ढाल, दोन्ही दगडावर ठेवली होती आणि त्या त्याच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“अक्का, मागे नका उभ्या राहू.”

“मग कुठं राहू? पुढची जागा तुझी.”

“तुमचे दोन झालेत.”

“मोजता येतंय मला.”

“मी हललो तर…”

“तर मी गेले. अकरा वर्षं पुष्कळ झाली म्हणायची.”

“ढाल चारवर असताना पाच धडका सोसतात का?”

“तेवढं मला ठाऊक न्हाई,” अक्का म्हणाल्या.

त्याला वेशीत पळून जावंसं वाटलं. हेडफोन काढावा, संगणक बंद करावा, वीज गेली म्हणून सांगावं. नाशिकमध्ये वीज गेली नव्हती हे गडहिंग्लजला कळलं नसतं. त्याचा हात खरोखर वायरीकडे गेला. पण तेवढ्यात गवत हललं.

डुक्कर त्याला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं होतं. ते थांबलं नाही की गुरगुरलं नाही. सरळ आलं.

पहिली धडक. पडदा हादरला. ढालीवर आपटल्याचा आवाज दोन्ही कानांत घुसला आणि पडद्यावरची जिवाची पट्टी पाव हिश्शानं उतरली.

पाव हिस्सा. म्हणजे चौथ्या धडकेला संपणार. पाच कुठल्या सोसतात.

“अक्का, पुरत नाही जीव.”



दुसरी धडक. या वेळी थोडा कमी उतरला. ढाल चारवरून पाचवर गेली होती. तो आकडा बघायला त्याला सवड नव्हती. त्याचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे होतं, कारण पाऊल मागे घ्यायचं बटण त्या हाताखाली होतं आणि बोट त्याच्यावरच होतं. दाबलेलं नव्हतं. नुसतं होतं.

तिसरी धडक येणार होती. तिसरी. त्याच्या बोटाला ते त्याच्या आधी कळलं. तेरा हजार वेळा केलेली गोष्ट करायला बोट वाकायला लागलं, आणि ते वाकताना त्याला दिसत होतं.

त्यानं डावा हात ओढून काढला आणि मांडीखाली घालून वर बसला.

धडक बसली. त्याच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. हात मांडीखाली तडफडत होता, त्याला तो स्वतःचा वाटेना. चौथी धडक. जिवाची आता लाल रंगाची एक चिंधी उरली होती. घामानं हेडफोन कानावरून घसरत होता. त्याच्या मनात मृदा आली नाही, शनिवार आला नाही, फक्त डोळ्यांपुढे ते डुक्कर माघारी वळून पुन्हा तोंड फिरवताना दिसत होतं.

पाचवी.

…

माळावर वारा होता. डुक्कर गवतात शिरत होतं. जीव पडद्यावर दिसत होता, नखाएवढा. ढाल नऊवर होती.

तो हललेला नव्हता.

बराच वेळ त्यानं मांडीखालचा हात काढला नाही. काढला तेव्हा त्याला मुंग्या आलेल्या होत्या.

“नाही हललो, अक्का.”

“बघितलं.”

“पण भीती गेली नाही. अजून वाटतेय. मला वाटलं होतं, एकदा उभा राहिलो की जाईल.” तो थांबला. पुढचं विचारायला त्याला धीर होत नव्हता, तरी त्यानं विचारलं. “तुम्हाला नाही वाटली?”

हेडफोनमधून बांगड्यांचा आवाज येत होता. बारीक, सारखा, न थांबता… हात टेबलावर नीट ठेवता येत नसला की येतो तसा. निनाद श्वास रोखून तो ऐकत राहिला. त्यानं कधीच विचार केला नव्हता की पलीकडे एक हात आहे.

मग तो आवाज हळूहळू थांबला. कुणीतरी एका हातानं दुसरा हात धरला असावा.

“शनिवारी त्या पोरीला घेऊन जा,” अक्का म्हणाल्या. “पण उद्या दुकानाला दांडी मार आणि इथं ये. उद्या पुढं मी. तू माझ्या मागं उभं राहायचं.”