सुतळ्याचा घास

एका राज्यात सात तळघरं भरून सोनं होतं आणि त्याची राखण एक नागीण करीत असे. चोरी करायला आलेल्या जादूगाराला तिने दंश केला. त्यानेही मरता मरता तिला भस्म केलं आणि शाप दिला, "हिचं पिल्लू आणि राजाची लेक यांचा घास एकच. पिल्लू आपल्या मर्जीने जेवेल, तेव्हाच लेकीच्या घशाखाली अन्न उतरेल."

राजकन्या इंदुला सात वर्षांची. करंगळीएवढं ते पिल्लू तिने उचलून आणलं आणि त्याचं नाव सुतळ्या ठेवलं. दरबार त्याला नागराज म्हणे. सोन्याच्या गार ताटात त्याला ठेवून शंभर माणसं भोवती उभी राहत, पंख्याने वारा घालत आणि दूध पाजू बघत. सुतळ्या तोंड उघडीना. सहा दिवस गेले. इंदुला पाण्याच्या घोटावर होती. तिच्या मनगटांवरून बांगड्या गळू लागल्या.

सातव्या दिवशी कुरंगी नावाची कुंभाराची लेक दरबारात आली. ताटाकडे बघून म्हणाली, "महाराज, साप दूध पीत नाही."

वृद्ध प्रधान खेकसले, "पोरी, आमचे आजेपणजे पाजत आले."

"पाजत आले, प्रधानजी. पिताना कोणी पाहिला?"

तुळईवर बसलेला भारद्वाज पक्षी खदखदून हसला. त्या राज्यात पक्षी बोलत.

"मी सापच खातो," तो म्हणाला. "ते कशाला भितात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? ऐक, कुरंगे. त्याच्या आईच्या वारुळाची माती आणून मडकं घडव. ज्वालाडोंगराच्या विस्तवात ते भाज. मग ते कधी निवणार नाही. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. ती इथेच सांगेन."

कुरंगी वारुळापाशी गेली. वारुळाने विचारलं, "माती कशाला?"

"तुझ्या लेकराला घर हवंय."

वारुळाने आपली एक भिंत काढून दिली.

डोंगर म्हणाला, "विस्तव नेशील कशात?"

"ओंजळीत."

"पोळशील."

"कुंभाराची आहे."

ती पोळली. तळव्यांना फोड आले, पण वाटेत एक निखारा खाली पडू दिला नाही. घरी मडकं घडवून तिने ते त्याच विस्तवात भाजलं. सूर्य मावळायच्या आत ती परतली, ते अरुंद तोंडाचं ऊबदार मडकं कडेवर घेऊन. आत मूठभर अंधार होता, आणि नखाएवढी एक बेडकी.

"राजनागाला बेडकी? शिव शिव!" प्रधान म्हणाले.

"त्याची आई काय खायची, प्रधानजी? श्रीखंड?"

तिने सुतळ्याला मडक्यात सोडलं. ऊब लागताच त्याने वेटोळं केलं, जीभ लवलवली. त्याबरोबर शंभर माना मडक्यावर वाकल्या. सुतळ्याने डोकं वेटोळ्यात दडवलं.

"आता तिसरी गोष्ट," भारद्वाज म्हणाला. "सगळ्यांनी पाठ फिरवा."

दरबार थिजला. त्या राज्यात राजाला पाठ दाखवणाऱ्याचं डोकं उडवत.

"आम्ही डोळे मिटतो," प्रधान म्हणाले. सर्वांनी मिटले. पण काळजीने प्रधानांचा एक डोळा उघडला, आणि बाहेर आलेलं इवलं डोकं पुन्हा आत गेलं.

"आजोबा," सिंहासनापाशी, न शिवलेल्या भाकरीशेजारी निजलेली इंदुला प्रधानांना क्षीण स्वरात म्हणाली, "तुम्ही असे बघत राहता ना, तेव्हा मलासुद्धा जेवण जायचं नाही."

राजा सिंहासनावरून उतरला. भिंतीपाशी गेला आणि आधी स्वतः पाठमोरा झाला.

"आता तुम्ही. ही आज्ञा आहे."

शंभर पाठी फिरल्या. प्रधानांना वेळ लागला, पण तेही फिरले. कुरंगीही फिरली.

मडक्यात पुढे काय झालं ते कोणी पाहिलं नाही, म्हणून मलाही सांगता येणार नाही. मडकं एकदा हललं. मग बराच वेळ काही नाही.

मग मागून आवाज आला, "बाबा, भूक लागली."

राजा वळणार, तोच कुरंगी म्हणाली, "थांबा महाराज. आधी तिला जेवू द्या."

सात तळघरांचा तो धनी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे भाकरी मोडल्याचा आवाज झाला, आणि शाप तुटला. इंदुलेला तो घास जसा गोड लागला, तसा तुम्हांआम्हांला लागो.